ट्रंकेत सापडलेली महायुद्धाची मेडलं: शौर्य शोधायच्या आधी नाव आणि नंबर वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे कुठे चुकत असेन तर सांगाल. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली रिडेव्हलपमेंटसाठी खाली करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांची पाच मेडलं निघाली. तीन चांदणीच्या आकाराची, एकीवर १९३९-४५, एकीवर आफ्रिका, एकीवर इटली. दोन गोल, एकावर सिंह आणि एकावर भारताचा नकाशा. रिबिनी कुजल्यात. चांदण्यांच्या मागे बारीक अक्षरं आहेत पण घासल्यामुळे 'एम ए एच' एवढंच लागतंय. आजी म्हणते ते बर्मात लढले, काका म्हणतात आझाद हिंद सेनेत होते, आणि सगळ्यांचं एकमत की मेडलं शौर्याची आहेत. तुम्ही विचारलंय की नेमकं कोणतं शौर्य गाजवलं ते कुठे कळेल, कागदावर लिहिलेल्या 'व्हॉलंटियर' शब्दाचा अर्थ काय, पॉलिश करून फ्रेम करू का, आणि चोरबाजारात एकाने भाव सांगितलाय तो बरोबर आहे का.

मी आर्मीच्या एका रेकॉर्ड ऑफिसात हवालदार क्लार्क होतो, रिटायर होऊन विक्रोळीत स्थायिक झालोय आणि ओळखीपाळखीतून अशी मेडलं, जुनी डिस्चार्ज सर्टिफिकेटं लोक घेऊन येतात. तेव्हा स्पष्टच बोलतो. तुमचा खरा प्रश्न शौर्याचा नाहीच आहे. ही पाचही मेडलं एकाच माणसाची आहेत का आणि तो माणूस कोणत्या पलटणीत होता, हा खरा प्रश्न. तो सुटल्याशिवाय बाकी काही सुटणार नाही.

शौर्याबद्दल आधी बोलून टाकतो कारण इथेच सगळ्या घरात गोंधळ असतो. तुमच्या पाचपैकी एकही मेडल शौर्याचं नाही. वाईट वाटून घेऊ नका, ही सगळी कॅम्पेनची मेडलं आहेत, म्हणजे अमुक काळात अमुक ठिकाणी तुम्ही नोकरीवर हजर होता याची, गिरणीतल्या हजेरीपटासारखी. शौर्याची वेगळी असायची, व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, आयडीएसएम म्हणजे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, मिलिटरी मेडल वगैरे, आणि ती मिळाली असती तर लंडन गॅझेटमध्ये नाव छापून आलं असतं, ते गॅझेट आता ऑनलाईन फुकट शोधता येतं. हां, एक बघा, सिंहवाल्या मेडलच्या रिबिनीवर ब्राँझचा ओकच्या पानासारखा छोटा तुकडा अडकवलेला आहे का. तो असेल तर 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस', म्हणजे वरिष्ठांच्या अहवालात नाव घेतलं गेलं होतं. कुजलेली रिबीन फेकून द्यायच्या आधी नीट बघा, असे तुकडे रिबिनीबरोबर कचऱ्यात जातात.

पण हजेरी म्हणून कमी लेखू नका, उलट हजेरीचीच मेडलं जास्त बोलतात. १९३९-४५ स्टारला, म्हणजे त्या चांदणीला, आर्मीच्या माणसाला प्रत्यक्ष लढाईच्या भागात सहा महिने काढावे लागत. आफ्रिका स्टारला दिवसांची अट नव्हती, १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात तिथे एक दिवस जरी उतरला तरी मिळायचा, आणि त्यात नुसतं लिबिया-इजिप्तचं वाळवंट नाही तर एरिट्रिया आणि ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, हेही धरलेत. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५, यातही सिसिली, ग्रीस वगैरे येतं. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा आहे ते वॉर मेडल, २८ दिवस नोकरी झालेल्या प्रत्येकाला, आघाडीवर गेला असो नसो. आणि नकाशावालं इंडिया सर्व्हिस मेडल, हे मजेशीर आहे, कारण ते भारतात तीन वर्षं बिगर-लढाईची नोकरी केलेल्यांना मिळायचं, ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या सहा वर्षांच्या आत.

आता गणित करा. सहा वर्षांतली तीन भारतात गेली. उरलेल्या तीनात आफ्रिकाही आली, इटलीही आली, त्यातले निदान सहा महिने लढाईच्या भागात, शिवाय जहाजाने जायचा-यायचा वेळ, आणि इराक-इराणमध्ये बसून राहावं लागलं असेल तर तेही, कारण त्याला वेगळा स्टार नव्हता. अशक्य नाही. समजा १९३९ ला किंवा त्याआधी भरती झाले, ४२ पर्यंत इथेच होते, मग गेले, तर बसतं. पण ओढूनताणून बसतं. याच्या उलट जर ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनबरोबर १९४१ मध्ये एरिट्रियाला केरेनच्या लढाईत होते, त्या बटालियनने १५ मार्च १९४१ ला फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली होती, आणि मग तसेच बाहेर राहून इटलीला गेले असतील, तर नकाशावालं मेडल त्यांचं असूच शकत नाही, भारतात तीन वर्षं भरणारच नाहीत.

मग ते कोणाचं? अशा घरात बहुतेक वेळा दोन भाऊ भरती झालेले असतात, किंवा चुलते-पुतणे, आणि पुढे सगळं एकाच ट्रंकेत जमा होतं. आजीचं बर्मा मला इथे खोटं वाटत नाहीये. फक्त ते दुसऱ्या माणसाचं असू शकतं. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळासाठी होता आणि तुमच्याकडे तो नाहीये. हरवला असेल असं म्हणता येईल, पण हरवलेल्या मेडलवर मी कधी काही ठरवत नाही. आजीला एवढंच विचारा की पणजोबांना भाऊ किती होते आणि त्यातलं पलटणीत कोण कोण होतं, 'बर्मा' हा शब्द तिने कोणाच्या तोंडून ऐकला. दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांच्या बटालियनी दोन्हीकडे होत्या, चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये बर्मा आघाडीवर मणिपूरला सांगशाकला लढली, तेव्हा एक भाऊ इटलीत आणि एक बर्मात हे अगदी शक्य आहे.

काकांच्या आझाद हिंद सेनेबद्दल. तिथले फौजेतून आलेले बहुतांश लोक १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर किंवा त्याआधी मलायात पकडले गेलेले. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्यांपैकी काहीजण सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या फौजेत गेले होते हेही खरं, म्हणून आफ्रिका स्टार एकटा असता तर मी शंकेला जागा ठेवली असती. पण इटली स्टार त्याच माणसाच्या नावाचा निघाला तर विषय संपला, जून ४३ नंतर ते ब्रिटिश इंडियन आर्मीकडूनच तिकडे होते. काकांना हे सांगताना जरा सांभाळून सांगा, कारण स्वातंत्र्यानंतर बऱ्याच घरांत 'आमचे सरकारच्या फौजेत होते' म्हणायला लोक बिचकायचे आणि गोष्ट हळूहळू बदलत जायची, यात कोणी मुद्दाम खोटं बोललेलं नसतं.

'व्हॉलंटियर'चं काही गूढ नाही. भारतात सक्तीची भरती नव्हती, दुसऱ्या महायुद्धात जे पंचवीस लाखांच्या आसपास लोक फौजेत होते ते सगळेच स्वतःहून भरती झालेले. आता स्वतःहून म्हणजे नेमकं काय हा वेगळा विषय आहे, कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं, गावात आधीच कोणीतरी पलटणीत असलेलं, सातारा-रत्नागिरीकडची माणसं मुंबईला गिरणीत यायची त्याच कारणांनी काहीजण पलटणीत भरती व्हायला बेळगावला जायची. पण कागदावरच्या त्या शब्दाने वेगळी तुकडी किंवा वेगळा मान असं काही सिद्ध होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ती अक्षरं. इंग्लंडमध्ये गोऱ्या सैनिकांना दिलेली दुसऱ्या महायुद्धाची मेडलं कोरी असायची, त्यावर नाव नसायचं. आपल्याकडच्या सैनिकांच्या मेडलवर मात्र बऱ्याचदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली सापडते, चांदणीवर मागच्या बाजूला आणि गोल मेडलवर कडेला, रिंगवर. त्यामुळे तुम्ही नशीबवान आहात. 'एम ए एच' नंतरचं अक्षर काय आहे ते मला हवंय. आर असेल तर माहरट्टा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, तेव्हा इंग्रजीत असंच लिहायचे. ए असेल तर महार रेजिमेंट, जी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावलाच उभी राहिली. दोन्हीची रेकॉर्ड ऑफिसं आज वेगळी आहेत, मराठ्यांचं बेळगावला आणि महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, त्यामुळे एका अक्षरावर तुमचा अर्ज कुठे जाणार ते ठरतं. आडनावावरून अंदाज बांधू नका, आणि गावावरून तर नकोच. आणि दोन्ही नसून तो नावाचाच भाग निघाला, महादेवसारखा, तर पलटण पुढे कुठेतरी आहे असं समजून शोधत राहा. मग बॉम्बे सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर लोकांची पलटण, असेल तर खडकी, तोफखाना असेल तर नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर, मेडिकल कोअर लखनौ. नेव्हीचा कोणी निघाला तर लांब जायलाच नको, ब्युरो ऑफ सेलर्स आपल्या मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये आहे.

वाचायचं कसं तर पॉलिश न करता. खरंच हात जोडून सांगतो, पितांबरी नको, चिंच नको, ब्रासो तर अजिबात नको. अक्षरं आधीच घासलेली आहेत ती कोणीतरी वर्षानुवर्षं दसऱ्याला मेडलं लखलखीत करत होतं म्हणूनच, अजून एकदा घासलीत तर तेवढंही जाईल. खोलीत अंधार करा, मेडल काळ्या कपड्यावर ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च वरून न मारता अगदी आडवा, टेबलाच्या पातळीवरून मारा आणि हळूहळू फिरवा. घासलेल्या अक्षराची एखादी कड सावली टाकते आणि मग ते लागतं. दुसऱ्याला टॉर्च धरायला लावून तुम्ही वेगवेगळ्या बाजूने क्लोजअप फोटो काढा, एका फोटोत जे दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं. गोल मेडलची रिंग वाचायला मेडल उभं धरून थोडं थोडं फिरवत फोटो काढायचे. पाचही मेडलं वाचा, एकावर नाव लागलं म्हणून थांबू नका, कारण आपल्याला तुलनाच करायचीय. नंबर पाचही ठिकाणी तोच आला तर माणूस एकच, आणि मग माझं वरचं दोन भावांचं सगळं अनुमान बाजूला ठेवा. आफ्रिका स्टारवर '८ आर्मी' लिहिलेली पट्टी किंवा रिबिनीवर चांदीचा छोटा ८ दिसला तर तेही लिहा, तो २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात आठव्या आर्मीत असलेल्यांना होता, त्याने तारखा खूपच घट्ट होतात.

डिफेन्स मेडल नाही म्हणून ते हरवलं असं कोणी सांगेल, ऐकू नका. इंडिया सर्व्हिस मेडल ज्याला मिळालं त्याला डिफेन्स मेडल मिळत नसे. उलट दुसरी एक न सापडलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. केशरी-पांढरी-हिरवी रिबीन असलेलं १९४७ चं इंडिपेंडन्स मेडल तुमच्या यादीत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला जो नोकरीत होता त्याला ते मिळायचं. तुम्ही असंही लिहिलंय की पणजोबा नंतर गिरणीत होते. दोन्ही एकत्र धरलं तर लढाई संपल्यावर ४५-४६ मध्ये जी प्रचंड संख्येने माणसं घरी पाठवली त्यात ते आले असणार, म्हणजे पेन्शन नसणार.

आणि रेकॉर्ड कसं मिळेल याचं उत्तर या पेन्शनवरच आहे. पेन्शन नसलेल्या सैनिकाची संपूर्ण फाईल रेकॉर्ड ऑफिस कायमची ठेवत नाही, नियमाप्रमाणे २५ वर्षांनी ती नष्ट होते. लोक 'पणजोबांची सर्व्हिस फाईल द्या' असा अर्ज करतात, उत्तर येतं 'कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट करण्यात आली', आणि घरचे म्हणतात बघा सरकारने सगळं जाळून टाकलं. पण एक गोष्ट राहते, तिला लाँग रोल म्हणतात. मोठं रजिस्टर असतं, एका माणसाची एक नोंद, नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण. त्यात लढाईचं वर्णन नसतं, पण भरती आणि डिस्चार्जच्या दोन तारखा मिळाल्या की आपलं वरचं गणित पक्कं होतं. म्हणून अर्जात फाईल मागू नका, 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' मागा. पणजीला फॅमिली पेन्शन यायची असं आजीला आठवत असेल तर गोष्ट एकदम वेगळी, मग जुना पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरचा, नंबर शोधा, तशी फाईल जास्त काळ सांभाळली जाते.

अर्ज त्या त्या रेजिमेंटच्या ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्सच्या नावाने स्पीड पोस्टाने. सोबत तुमचं ओळखपत्र, पणजोबांशी नातं दाखवणारं जे काही असेल ते, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, साखळी जुळली पाहिजे, आणि मेडलवरच्या नंबरचे फोटो. नंबर नसेल तर खरं सांगतो, नुसत्या नावावर काही होत नाही, एका जिल्ह्यातले एकाच नावाचे कितीतरी शिपाई निघतात. नाव मेडलवर इंग्रजीत जसं लिहिलंय तसंच लिहा, दुरुस्त करू नका, तेव्हाचे कारकून कानाला लागेल तसं लिहायचे. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा कागदोपत्री बरेच ठिकाणी मधला एच न लावता लिहिलेलं आहे, मग आपल्या शिपायाचं काय. जिल्हाही तेव्हाचा लिहा. आज रायगड असेल तर तेव्हा कुलाबा, आज सिंधुदुर्ग असेल तर तेव्हा रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. कंसात आजचं नाव द्या. उत्तराला वेळ लागतो, किती ते ऑफिसवर आणि तिथल्या माणसावर अवलंबून आहे. लगेच आरटीआय टाकायची घाई नको, साधा अर्ज आधी, कारण तिकडेही तीच नोंद शोधणारा तोच माणूस असतो.

इंटरनेटवर लोक पंजाबच्या सैनिकांची रजिस्टरं दाखवतात, ती लाहोरला सापडलेली पहिल्या महायुद्धाची आहेत, आपल्याकडचं गाव त्यात मिळणार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची वेबसाईट फक्त मेलेल्यांची, पण तो दुसरा भाऊ परत आलाच नव्हता असं निघालं तर तिथे नक्की शोधा. बटालियन कळली की लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये वॉर डायऱ्या आहेत, आफ्रिका-मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ आणि इटलीच्या डब्ल्यूओ १७० या नंबरखाली. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण कोणत्या दिवशी पलटण कुठे होती ते रोजच्या रोज लिहिलेलं असतं. पैसे घालवून प्रती मागवायच्या की नाही ते नंतर ठरवा, लाँग रोल आल्यावर.

भावाबद्दल. चोरबाजारातल्या माणसाने सांगितलेला आकडा मी खरा-खोटा म्हणणार नाही, मेडलं हातात न घेता कोणीच सांगू नये. एवढं सांगतो की ही मेडलं लाखोंनी निघालेली आहेत, धातू म्हणून त्यात काही नाही, चांदणी तांबे-जस्ताच्या मिश्रणाची आणि गोल मेडलं निकेल मिश्रणाची. ज्याला घ्यायचंय तो नावासाठी घेतो, नावाचा सेट आणि त्याला जोडलेला कागद असेल तर. त्यामुळे नाव न वाचता विकणं म्हणजे तुम्हीच तोट्यात, आणि दोन-तीन वेगळी करून विकलीत तर सेट कायमचा मोडला. माझ्या मते विकूच नका, पण घर तुमचं, गरज तुमची, मी कोण सांगणारा. कोणाकडे पहिल्या महायुद्धाची असतील तर त्यांना आता शंभर वर्षं उलटली, पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. तुमची अजून त्यात येत नाहीत.

फ्रेम करा पण नंतर. आत्ता सामान ट्रान्झिट कॅम्पला जायचंय तर मेडलं टेम्पोत टाकू नका, स्वतःच्या बॅगेत ठेवा. प्रत्येक मेडल वेगळ्या सुती कपड्यात, रबरबँड नको, मऊ प्लास्टिकचे पाऊच नको, ते काही वर्षांनी चिकट होऊन मेडलवर हिरवं आणतात. मुंबईचा पावसाळा आहे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. फ्रेमवाल्याला सांगा मेडल चिकटवायचं नाही, दोऱ्याने बांधायचं, आणि मागची बाजू उघडून बघता आली पाहिजे, कारण नाव मागे आहे. नवीन रिबिनी मिळतात, पण कोणत्या रंगाची कोणावर ते न बघता लावू नका. आफ्रिकेची वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा आणि दोन बाजूला गडद आणि फिका निळा. इटलीची लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. १९३९-४५ ची गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे.

तर पुढचं असं करा. आजीला भावांबद्दल आणि पेन्शनबद्दल विचारा, आजच विचारा. रात्री टॉर्च लावून पाचही मेडलं वाचा आणि प्रत्येकावर जे दिसेल ते जसंच्या तसं इथे टाका, न लागणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने भरू नका. आर की ए हे कळलं की बेळगावचा का सागरचा अर्ज ते ठरवू, मसुदा मी लिहून देतो.